बर्फाच्या बादलीतला देव

आईला पडता बर्फ दाखवायचा, एवढंच गुरुनाथ पांढरीपांडेनं ठरवलं होतं. माणसानं याहून निरुपद्रवी बेत केल्याचं ऐकिवात नाही. कुणाची जमीन लाटायची नव्हती, कुणाविरुद्ध निवडणूक लढवायची नव्हती. आईला गाडीत बसवायचं, बर्फ पडतो तिथे न्यायचं, ‘वर बघ’ म्हणायचं आणि परत आणायचं. पण बेत साधा असला तर तो पार पाडणारा माणूसही साधा लागतो. गुरुनाथ तसा नव्हता. एक तर तो स्वप्नाळू होता, आणि वर कागदपत्रांच्या बाबतीत अतिशय दक्ष होता. हे दोन गुण एका माणसात एकत्र आले की घरच्यांचं काही खरं नसतं.

‘पडता’ हा शब्द मात्र नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळे घडलं. सरलाबाई, म्हणजे गुरुनाथची आई, सप्टेंबरात नागपूरहून बॉथेलला आल्या आणि आल्या आल्या त्यांनी स्पष्ट सांगितलं, “पडलेला बर्फ मला दाखवू नको. पोत्यात गुंडाळलेला पडलेला बर्फ आमच्या सीताबर्डीवर रसवंतीत रोज मिळते. पडताना दाखवशील तर बघते.” आता बॉथेल हे सिअ‍ॅटलचं उपनगर. तिथे आकाशातून जे पडतं त्याला पाऊस म्हणतात आणि तो ऑक्टोबरला सुरू झाला की माणसाला आपण कोरडे असताना कसे दिसत होतो तेही आठवेनासं होतं. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, दोन हजार पाच साल उजाडलं, आणि सरलाबाई खिडकीशी बसून रोज विचारायच्या, “हाच का रे तो?”

“नाही आई, हा पाऊस आहे.”

“तेच म्हटलं मी. ओळखीचा वाटून राहिला होता.”

त्यात त्या वर्षी डोंगरांवरही बर्फ नव्हता. होता नव्हता तो जानेवारीत उबदार पावसानं धुऊन नेला. टीव्हीवरची हवामानबाई सांगायची की हवाईकडून ‘पायनॅपल एक्सप्रेस’ आलेली आहे. त्या पावसाला तिकडे असंच म्हणतात. हे ऐकून खालच्या मजल्यावरचे मनोहरकाका गंभीर झाले. ते मुलीकडे आले होते आणि रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाले होते. “एक्सप्रेस म्हणजे आता मधे कुठे थांबायची नाही,” ते म्हणाले. “पॅसेंजर असती तर साइडिंगला टाकता आली असती.” गुरुनाथला हे पटलं. पटायचं काही कारण नव्हतं, पण त्या दिवसांत त्याला कुणाचंही काहीही पटत असे.

कारण दिवस थोडे उरले होते. आईचं परतीचं तिकीट एक मार्चचं, मंगळवारचं होतं. “पुन्हा काही मी यायची नाही, बाबू,” त्यांनी सांगून टाकलं होतं. “एवढा वेळ विमानात बसून गुडघ्यांचं लाकूड होते.” सरलाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि तोंडदेखलं बोलायची त्यांना सवय नव्हती. हे वाक्य गुरुनाथच्या छातीत रुतून बसलं. ऑफिसात मीटिंग चालू असताना त्याला समोरच्या पांढऱ्या बोर्डावर बर्फ पडताना दिसायचा. मऊ, सावकाश, कुणाचीही घाई नसलेला. मॅनेजर विचारायचा, “गुरू, एनी थॉट्स?” आणि गुरुनाथ म्हणायचा, “ब्यूटिफुल.”

मग गिरीशनं गाव शोधलं. गिरीश हा शेजारच्या बिल्डिंगमधला, मूळचा पुण्याचा, त्यामुळे त्याचा सल्ला मागावा लागत नसे. “माझं ऐकशील तर लार्च क्रीकला जा,” तो म्हणाला. “कॅनडात आहे. सहा तास ड्राइव्ह. स्की टाउन आहे यार, बर्फाशिवाय दुसरं काही नाहीच तिथे. पूर्ण गाव बर्फावर जगतं.”

“बर्फ खाऊन?” सरलाबाईंनी विचारलं.

“तसं नाही काकू. लोक येतात, घसरतात, राहतात, जेवतात.”

“घसरतात आणि वर पैसेही देतात?” त्या म्हणाल्या आणि त्यांना त्या गावाबद्दल एकदम आदर वाटू लागला.

वेबसाइटवर गावाचा फोटो होता. उतरत्या छपरांवर हातभर बर्फ, खिडक्यांतून पिवळा उजेड, आणि आकाशातून पडता, स्पष्ट दिसेलसा पडता बर्फ. गुरुनाथनं तो फोटो कॉम्प्युटरवर लावला आणि चार दिवस त्याच्यात राहायला गेला. फोटो कोणत्या वर्षीचा हे त्यानं पाहिलं नाही. असले प्रश्न स्वप्नाळू माणसाला पडत नाहीत, ते त्याच्या बायकोला पडतात. शैलजानं विचारलंही, “अहो, पण आत्ता आहे का तिथे बर्फ?” त्यावर गुरुनाथ दुखावल्या आवाजात म्हणाला, “कॅनडा आहे तो, शैलजा.”

आता कॅनडा म्हटला की व्हिसा आला. गुरुनाथ-शैलजाकडे ग्रीन कार्ड होतं, चौदा वर्षांची रुही जन्मानं अमेरिकन. प्रश्न फक्त आईचा. गुरुनाथनं त्यांना आठवडाभर पढवलं, “उद्देश विचारला तर फक्त ‘टूरिझम’ म्हणायचं.” प्रत्यक्ष कॅनडाच्या कचेरीत खिडकीपाशी सरलाबाईंनी ते तोंडातून काढलंच नाही. त्या खणखणीत मराठीत म्हणाल्या, “माझा मुलगा म्हणते तुमच्याकडे बर्फ पडते. मी बघते आणि घरी जाते. तुमच्याकडे राहायची मला हौस नाही.” गुरुनाथनं घाम पुसत भाषांतर केलं. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तीन दिवसांत व्हिसा दिला. एकदाच आत जायचा. म्हणजे एकदा बाहेर पडलं की तो संपला.

इथे गुरुनाथचा दुसरा गुण जागा झाला. आईच्या पासपोर्टात एक छोटं पांढरं कार्ड स्टेपल केलेलं होतं. अमेरिकेत शिरताना मिळतं ते, कधीपर्यंत राहायचं ती तारीख लिहिलेलं. गिरीश म्हणाला, “हे जप हं. हे हरवलं ना, तर काकूंना परत अमेरिकेत घेणार नाहीत.” पिन गंजलेली होती, कार्डाचा कोपरा दुमडला होता. ते गुरुनाथला बघवेना. त्याच्या घरात दहावीच्या गुणपत्रिकेपासून लग्नाच्या दाखल्यापर्यंत सगळं लॅमिनेट केलेलं होतं. लॅमिनेट न झालेली एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे शैलजा. त्यानं हलक्या हातानं पिन काढली आणि कार्ड कॉपीच्या दुकानात नेलं. दुकानातल्या बाईनं दोनदा विचारलं, “आर यू शुअर, सर?” गुरुनाथला तिची कीव आली. घरी आणून त्यानं ते कडक, चकचकीत कार्ड सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाला, “आता याला काही होत नाही.”

राहिल्या साखळ्या. गिरीशच्या मते बर्फावर चाक घसरू नये म्हणून टायरला साखळ्या बांधता आल्याशिवाय डोंगरात जाणं म्हणजे मरणाला आमंत्रण. म्हणून एका शनिवारी भर पावसात गुरुनाथनं अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये सराव केला. मनोहरकाका छत्री धरून शिट्टी वाजवायला उभे होते. साखळ्या बसल्या. छान बसल्या. मात्र निघेनात. शेवटी त्या तशाच खडखडवत गाडी गॅरेजपर्यंत न्यावी लागली आणि नव्या डांबरावर दोन लांबलचक ओरखडे उमटले. अपार्टमेंटच्या मॅनेजरनं त्यावर एक पत्र पाठवलं. गुरुनाथनं ते फाइलला लावलं. लॅमिनेट नाही केलं, एवढंच.

पंचवीस फेब्रुवारीला, शुक्रवारी, चौघं निघाले. सरलाबाईंनी लुगड्याखाली थर्मल, वर दोन स्वेटर, त्यावर रुहीचं जुनं गुलाबी जाकीट आणि डोक्याला कानटोपी घातली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत त्यांचा रांगता बाळकृष्ण. पितळेचा, सुपारीहून जरा मोठा. तो त्यांच्याबरोबर सगळीकडे जायचा आणि त्याला व्हिसा लागत नसे. रस्ता धुक्यातून वर वर चढत होता, देवदार आले की गाडीत अंधारायचं, गेले की उजेडायचं. रुही कानात गाणी घालून झोपली होती. गुरुनाथ काचेवरच्या वायपरकडे बघत दर दहा मिनिटांनी म्हणत होता, “आता पुढच्या वळणावर पाऊस जाऊन बर्फ लागेल बघ.” शैलजानं वळणं मोजायचं सोडून दिलं.

लार्च क्रीकमध्ये पाऊस पडत होता.

साधासुधा नाही, बॉथेलसारखाच. गावाची एकच मोठी गल्ली. दोन्ही बाजूंना स्कीची दुकानं, सगळ्यांवर ‘सेल’च्या पाट्या, आत कुणी नाही. मागे डोंगर, तपकिरी, ओला, मधेमधे म्हातारीच्या केसांसारखे पांढरे पट्टे. माणसांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या रिकाम्या खुर्च्या तारेवर धुक्यात लटकल्या होत्या, आणि एकही हलत नव्हती. गुरुनाथनं गाडी थांबवली आणि तो स्टिअरिंग धरून नुसता बसून राहिला. त्याला रडू येत होतं. सेहेचाळिसाव्या वर्षी, बायको-मुलीसमोर, हवामानाच्या कारणानं रडणं बरं दिसत नाही म्हणून त्यानं चष्मा पुसला.

“इट्स रेनिंग, डॅड,” रुही जागी होऊन म्हणाली.

“दिसतंय मला!” गुरुनाथ ओरडला.

“असू दे रे,” सरलाबाई म्हणाल्या. “गाव चांगलं आहे. पण इथे कुणी गेलं का? सगळे सुतक असल्यासारखे फिरून राहिले.”

सुतकच होतं. मोटेलची मालकीण डोरीन, साठीची, उंच, पायात गमबूट घातलेली. गाडी आत आलेली पाहून ती पावसात धावत बाहेर आली आणि चौघांच्या बॅगा एकटीनं उचलायला लागली. वीस खोल्यांच्या मोटेलात हे चौघंच पाहुणे. तिनं चहा केला आणि सांगायला बसली. जानेवारीच्या पावसानं डोंगर धुतला तशी लिफ्ट बंद झाली. स्की शिकवणारी पोरं दुसरीकडे कामाला निघून गेली, बेकरी आठवड्यातून दोनच दिवस उघडी. नोव्हेंबरात गावानं चौकात जुन्या स्की, म्हणजे पायाला बांधून घसरायच्या पट्ट्या, जाळल्या होत्या, बर्फाची देवता प्रसन्न व्हावी म्हणून. दरवर्षीच जाळतात. यंदा काही उपयोग झाला नाही. मार्चच्या सुटीतली गर्दी ही शेवटची आशा. त्याआधी बर्फ पडला नाही तर मोटेलला कुलूप लावून ती बहिणीकडे जाणार. हे मोटेल तिच्या आईनं बांधलेलं होतं.

रुही जमेल तसं आजीला सांगत होती. मराठीत शब्द सापडला नाही की हातवारे करायची. सरलाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, मग विचारलं, “जाळलं म्हणते ना? म्हणजे यज्ञ केला यांनी. आणि पुढे?”

“पुढे व्हॉट, आजी?”

“देव पाण्यात नाही ठेवले?”

आता हे डोरीनला कुणी समजावायचं? आपल्याकडे अगदी गळ्याशी आलं की घरची बाई देव उचलते आणि पाण्यात ठेवते. आमचं काम होईपर्यंत बस तसाच बुडून, म्हणते. त्यात श्रद्धा किती आणि धाक किती, हे कुणी मोजलेलं नाही. सरलाबाईंनी आयुष्यात दोनदाच देव पाण्यात ठेवले होते, एकदा नवऱ्याच्या ऑपरेशनला आणि एकदा गुरुनाथच्या बारावीला. त्या उठल्या, खोलीत गेल्या, पाणी धरेल असं भांडं शोधू लागल्या. अमेरिका-कॅनडातल्या मोटेलांत तांब्या नसतो, पण टेबलावर बर्फ ठेवायची एक छोटी बादली असते. त्यांनी ती नळाखाली भरली, बाळकृष्णाला नमस्कार केला आणि बुडवला. डोरीन टॉवेल द्यायला आली तेव्हा ती बादलीत वाकून बघतच राहिली.

“व्हॉट्स शी डूइंग, हनी?”

रुहीनं क्षणभर विचार केला. “शी’ज पुट गॉड इन टाइम-आउट,” ती म्हणाली. “अनटिल इट स्नोज.” टाइम-आउट म्हणजे तिकडे खोडकर पोराला शिक्षा म्हणून एका जागी बसवून ठेवतात ते.

गुरुनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या संस्कृतीचं हे असं प्रदर्शन होतंय आणि तेही बर्फाच्या बादलीत! “आई, अगं, लोक काय म्हणतील?” तो कुजबुजला. लोक काय म्हणतील ते सकाळी कळलं. नाश्त्याच्या खोलीत लिफ्ट चालवणारा एक दाढीवाला आणि बेकरीवाली बाई, दोघं टोप्या हातात घेऊन उभे होते. त्यांना टाइम-आउटमधला देव बघायचा होता. दुपारपर्यंत आणखी आठ-दहा जण येऊन गेले. कुणी हसलं नाही. बेकरीवालीनं बादलीशेजारी दालचिनीचा रोल ठेवला. सरलाबाईंनी तो नैवेद्य म्हणून दाखवला आणि प्रसाद म्हणून सगळ्यांना वाटला. दाढीवाल्यानं विचारलं, “डझ इट वर्क?” गुरुनाथ सावरून काहीतरी तात्त्विक सांगणार, तेवढ्यात सरलाबाई त्याचं बारावीचं उदाहरण देऊन मोकळ्या झाल्या. किती मार्क पडले होते तेसुद्धा सांगितलं.

दोन दिवस पाऊस पत्र्यावर वाजत राहिला. मोटेलचं छप्पर पत्र्याचं होतं, त्यामुळे जागेपणी पाऊस, झोपेत पाऊस, आंघोळ करताना तर दोन्हीकडून. गुरुनाथ खिडकीत बसून बघायचा. थेंब जरा जाड झाला की उभा राहायचा, पातळ झाला की बसायचा. मधेच त्याला वाटायचं आपण पाण्याखाली आहोत, सगळं गावच त्या बादलीत आहे, आणि वरून कुणीतरी वाकून बघतंय. अशा वेळी शैलजा त्याला चहा आणून द्यायची आणि काही बोलायची नाही. सतरा वर्षांच्या संसारात कधी बोलायचं नाही हे तिला नेमकं कळलं होतं.

रविवारी निघायची वेळ झाली. मंगळवारचं विमान, थांबणं शक्यच नव्हतं. गुरुनाथनं बॅगा भरल्या आणि म्हणाला, “आई, देव काढ आता.”

“कसा काढू? बर्फ कुठे पडला?”

“अगं, पण आपण निघालो.”

“मी निघाले. माझा शब्द नाही निघाला.”

शेवटी डोरीननंच बादली देऊन टाकली. सरलाबाईंच्या हातावर हात ठेवून ती काहीतरी बोलली, सरलाबाईही काहीतरी बोलल्या. दोघींनाही एकमेकींचं अक्षर कळलं नाही आणि दोघींचे डोळे भरले. मग बादली मांडीवर घेऊन सरलाबाई गाडीत बसल्या आणि प्रत्येक वळणावर गुरुनाथच्या मानेवर थोडं थोडं तीर्थ उडत राहिलं.

परतताना सरहद्दीवरचा डोंगरातला छोटा नाका लागला, एक खोली, एक झेंडा आणि एक खिडकी. अमेरिकेचा ऑफिसर उंचापुरा, मिशा पिकलेला. त्यानं पासपोर्ट घेतले, आत वाकून पाहिलं.

“व्हॉट्स इन द बकेट, मॅम?”

गुरुनाथ सत्यवचनी माणूस. “गॉड,” तो म्हणाला. “अँड वॉटर.”

ऑफिसरनं वहीत ‘वॉटर’ एवढंच लिहिलं. मग त्यानं पासपोर्टातून ते चकचकीत कार्ड काढलं, उजेडात धरलं, वाकवून पाहिलं. ते वाकलं नाही. “सर,” तो हळूच म्हणाला, “व्हॉट डिड यू डू?”

“आय प्रोटेक्टेड इट,” गुरुनाथ अभिमानानं म्हणाला.

झालं. गाडी बाजूला, माणसं आत, बादली काउंटरवर. ते कार्ड म्हणजे सरकारी कागद, त्याला प्लॅस्टिक चढवलं की त्याच्यात फेरफार झाला असं धरतात, शिक्काही मारता येत नाही. वरिष्ठांना फोन करावा लागेल, वेळ लागेल, बसा. गुरुनाथनं हिशेब केला. कॅनडाचा व्हिसा एकदाचाच होता, तो बाहेर पडताच संपला. अमेरिका घेत नाही, कॅनडा घेणार नाही. परवा विमान. त्याच्या डोळ्यांपुढे आई दोन झेंड्यांच्या मधल्या डांबरावर गुलाबी जाकीट घालून कायमची उभी राहिलेली दिसायला लागली, आणि तीसुद्धा पावसात. एक साधी गोष्ट दाखवायची होती, ती दाखवली नाही आणि वर हे करून ठेवलं. ज्या हातांनी दहावीची गुणपत्रिका जपली त्याच हातांनी आईचा कागद बाद केला. तो बाकावर बसला आणि त्याला कुणाशीच बोलावंसं वाटेना. ऑफिसर आत फोनवर त्यांचं आडनाव सांगायचा प्रयत्न करत होता. “पँडहॅरी... नो, पँडी. ट्वाइस.”

“डॅड,” रुही म्हणाली.

“गप्प बस जरा.”

“डॅड. लुक.”

गुरुनाथनं मान वर केली. खिडकीबाहेर काहीतरी चुकत होतं. पाऊस खाली येत होता, पण सावकाश, जरासा आडवा, आणि मधेच एखादा थेंब वर जात होता. थेंब वर कसा जाईल? तो उठला. काचेला नाक लावलं. झेंड्यासमोर, गाडीसमोर, काळ्या देवदारांसमोर पांढरं, भुरभुरं, दाट काहीतरी उतरत होतं. शैलजानं त्याचा दंड धरला.

“आई!” तो किंचाळला. “आई, ऊठ! पडतोय! बर्फ पडतोय!”

सरलाबाई उठल्या नाहीत. त्यांची नजर बादलीवर होती.

“तिकडे पडून राहिला का?” त्यांनी विचारलं.

“कुठे तिकडे? इथे! इथे बघ ना, खिडकीत!”

“त्या बाईच्या गावात पडून राहिला का, ते विचारलं मी.”

“मला काय माहीत! आई, तुला बघायचा होता ना? तो बघ पडतोय! थांबला म्हणजे?”

“थांबला तर थांबला,” सरलाबाई म्हणाल्या. “माझ्यासाठी ठेवला होता का देव पाण्यात? मी काय, बघेन नाही तर नाही बघणार. मरत नाही त्यानं. तिचं घर चाललं आहे, बाबू. इथे चार कण पडले म्हणून मी देव बाहेर काढू? फसवणूक आहे ती.”

गुरुनाथला एकदम लाज वाटली. सहा महिने तो एका संध्याकाळपुरता बर्फ मागत होता, आणि तोही फोटोतल्यासारखा. त्या तपकिरी डोंगराकडे बघून त्याला स्वतःचंच रडू आलं होतं, डोरीनचं नाही. भिंतीवर सेलफोनला मनाई असल्याची ठळक पाटी होती. अशी पाटी मोडायचं त्याच्या पांढरीपांडे घराण्यात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तो काउंटरवर गेला आणि म्हणाला, “ऑफिसर, आय नीड टु मेक अ कॉल. इट्स अबाउट द बकेट.”

ऑफिसरला रुहीनंच सगळं समजावलं. त्यानं आतला फोन खाली ठेवला, बादलीत वाकून पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि काउंटरवरचं टेलिफोनचं डबडं गुरुनाथकडे सरकवलं.

रिंग वाजत राहिली. वाजून वाजून बंद झाली. सरलाबाई हलल्या नाहीत. गुरुनाथनं पुन्हा नंबर फिरवला. सातव्या की आठव्या रिंगला कुणीतरी उचलला आणि नुसता धापा टाकल्याचा आवाज आला.

“डोरीन? गुरुनाथ. इज इट... आर यू...”

“लिसन,” डोरीन म्हणाली. “जस्ट लिसन.” दार उघडल्याचा आवाज झाला, गमबुटांचा झाला, आणि मग काहीच नाही.

गुरुनाथनं रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. काहीच ऐकू येत नव्हतं. दोन दिवस, दोन रात्री जो पत्रा एक क्षण थांबला नव्हता, त्याचा टप्पसुद्धा आवाज नव्हता. लांबवर कुणीतरी एकदा हाळी दिली आणि ती कापसात पडावी तशी विरून गेली.

“काय म्हणते?” सरलाबाईंनी विचारलं.

“काही नाही म्हणत. आई, आवाजच नाहीये.”

त्यांनी हात पुढे केला. रिसीव्हर कानटोपीखाली सरकवून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या, डोळे मिटून. नागपूरच्या बाईला बर्फाचं काय कळतं म्हणा, पण पत्र्यावरचा पाऊस थांबला की नाही हे कळायला नागपूर पुरतं. “हो,” त्या म्हणाल्या. “पडून राहिला.” मग त्यांनी बाही मागे सारली, बादलीत हात घातला, बाळकृष्णाला बाहेर काढला आणि पदराला नीट पुसला. “दमला रे माझा राजा,” त्याला म्हणाल्या आणि त्याला मुठीत घेऊन, कुणाची परवानगी न विचारता, दार ढकलून बाहेर गेल्या.

ऑफिसरनं आत जाऊन वरिष्ठांना पुन्हा फोन लावला.

गुरुनाथ मागोमाग धावला. नाक्याच्या डांबरावर, दोन देशांच्या पाट्यांच्या मधे, आई तोंड वर करून उभी होती. गुलाबी जाकिटावर, कानटोपीवर, मिटलेल्या मुठीवर बर्फ बसत होता. “बाई बाई बाई,” त्या म्हणत होत्या, “कुणी इतकं खोबरं खवून राहिलं!” शैलजा हसत होती आणि रडत होती. रुही जीभ बाहेर काढून गोल गोल फिरत होती. सगळं इतकं निवांत होतं की गुरुनाथला आपण इथे कशासाठी अडकलो होतो तेच आठवेना. तो आईकडे बघत राहिला. आजवर त्यानं तिला नेहमी काहीतरी करताना पाहिलं होतं. काहीच न करता नुसती उभी असलेली ती अशी दिसते, हे त्याला माहीत नव्हतं.

“माझ्याकडे काय बघून राहिला?” त्या म्हणाल्या. “वर बघ की, बावळट!”

दार उघडलं. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात सोललेलं प्लॅस्टिक आणि नवं कोरं कार्ड घेऊन ऑफिसर उंबऱ्यात उभा होता. “मिस्टर पँडी!” त्यानं हाक मारली. “यू आर ऑल सेट. कम साइन फॉर इट, सर.”

सरकारी माणसाच्या पहिल्या हाकेला ओ देण्यात गुरुनाथची हयात गेली होती. ऑफिसरनं दुसऱ्यांदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली. गुरुनाथचं तोंड आभाळाकडे होतं, चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या होत्या, आणि तो अमेरिकेच्या सरकारला चक्क मराठीत म्हणाला, “थांबा हो जरा. आई बर्फ बघून राहिली ना!”